कवळीकाकांना हवं होतं एक वाक्य

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत, आणि त्यांना स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसे. जो माणूस रोज सकाळी दार उघडून दुसऱ्यांचे दात बनवायला बसतो, त्याला आणखी काय म्हणणार? त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर मेण वितळवायचा छोटा दिवा आणि बारीक सुऱ्या. मागच्या बाजूला कवळ्या शिजवायचं पातेलं आणि झिलई द्यायचं मोटरचं चाक. आणि तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे. पहिल्यांदा आत येणाऱ्याला वाटे, इथे कुणीतरी विनोद सांगत होतं आणि आपण नेमके शेवटाला आलो.

ह्या जबड्यांचे मालक काकांनी कधी पाहिले नव्हते. दवाखान्यातून डबा यायचा, डब्यात जबड्याचं माप, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर नंबर, बाई की पुरुष, वय, दातांचा रंग. नाव नाही, गाव नाही. काकांनी मापात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणात दात बसवायचे, डबा परत पाठवायचा. दवाखान्यात ते मेणाचे दात माणसाच्या तोंडात घालून बघायचे, ठीक असले की काकांनी मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला भरून कवळी शिजवायची. माणसाशी बोलायची वेळच येत नसे. काकांना हा धंदा म्हणूनच मानवला होता. मुळात घुम्या माणूस. लग्नाच्या बोलण्यातही ह्यांनी म्हणे फक्त "चालेल" एवढंच म्हटलं होतं.

बायको मात्र अशी की घरात भिंतीही तिच्याशी बोलत असाव्यात. गल्लीची ती काकू. झिलईचं चाक तिच्याकडे असे, पण चाकापेक्षा तोंड जास्त चाले. नवा जबडा मापातून सुटून आला की ती तो उचलायची, खिडकीशी जाऊन उजेडात धरायची, आणि निकाल द्यायची.

"अहो, हे बघितलंत? हा गृहस्थ बायकोशी बोलत नाही. दोन वर्षं झाली."

"कशावरून?"

"डावी हिरडी बघा ना. कशी रुसून बसलीय."

"हिरडी रुसत नाही. डावीकडचे दात आधी पडले, म्हणून तिथलं हाड झिजलंय."

"पण डावीकडचेच आधी का पडले?"

"किडले असतील."

"एका बाजूचेच? बायको त्या बाजूला झोपत असणार, दुसरं काय!"

मग काका हातातली सुरी खाली ठेवायचे. जबडा तिच्या हातातून घ्यायचे आणि हाड कसं झिजतं, माणूस एकाच बाजूने का चावतो, हे मुळापासून समजावून सांगायचे. ती मान डोलवायची, मध्येच नवी शंका काढायची, शंकेतून नवी थाप निघायची. काका आणखी चिडून आणखी समजावायचे. मेण गार व्हायचं, दिवा फुकट जळायचा. शेवटी "तुझं आपलं काहीतरीच!" असं म्हणून काका पुन्हा सुरी उचलायचे, आणि आपण जिंकलो ह्या समाधानात पुढचे चार दात बसवायचे. तीसेक वर्षं हे असंच चाललं. थापाड्या बायकोला सत्याच्या वाटेवर आणणं हे आपलं कर्तव्य आहे, असं ह्या भल्या माणसाला मनापासून वाटत असे.

काकू गेली ती काही आठवड्यांच्या आजारात. उभ्या जन्मात कुठलीही गोष्ट तिने इतक्या थोडक्यात आटोपली नव्हती. लोक आले, बसले, गेले. दुसऱ्या गावी राहणारी लेक महिनाभर राहिली, मग तिलाही जावं लागलं. काकांनी दुकान उघडलं. डबे साचले होते.

काम हाताला येत होतं, त्यात अडचण नव्हती. अडचण होती ती मधल्या वेळाची. प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. त्याला घाई चालत नाही. कवळी पातेल्यात शिजते तेव्हाही थांबावं लागतं. इतकी वर्षं काकांना आपल्या धंद्यात एवढी वाट बघावी लागते हे कळलंच नव्हतं, कारण तो सगळा वेळ काकूने भरून टाकलेला होता. आता प्लास्टर घट्ट होई, जबडा सुटून येई, काका तो उजेडात धरत आणि थांबत. मग त्यांच्या लक्षात येई की आपण कशासाठी थांबलोय. डोळे भरायचे. बघायला कुणी नव्हतं म्हणून ते पुसायचेही नाहीत.

अशाच एका दुपारी त्यांनी जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं: "पुरुष. वय सत्तर. बायकोशी बोलत नाही." लिहिलेलं वाचून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ही काय गोष्ट झाली? ही तर ऑर्डर झाली! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी चुरगळली. पण दुसऱ्या दिवशी दुसरा डबा आला, दुसरं प्लास्टर ओतलं गेलं, आणि काकांचा हात पुन्हा पेन्सिलीकडे गेला.

सुरुवातीच्या गोष्टी म्हणजे निव्वळ दात कोरणं होतं. त्यातली माणसं उठत, चहा घेत, कामाला जात आणि परत येत. कुणी कुणाला काही विचारत नसे. पण काका चिवट. प्लास्टर घट्ट होईपर्यंत लिहायचं, घट्ट झालं की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं, हा त्यांचा नेम. चिठ्ठ्या पुरेनात म्हणून त्यांनी कागदाचा गठ्ठा आणला. आणि मग एक दिवस ती गोष्ट घडली, जिच्याबद्दल ते पुढे कुणाशी नीट बोलू शकले नाहीत.

एका म्हाताऱ्याचा जबडा होता, अरुंद, लहान मुलासारखा. काकांनी लिहिलं की हा माणूस चपलांच्या दुकानात गेला आणि त्याने लहान मुलाचे बूट मागितले. का मागितले ते काकांना ठाऊक नव्हतं. नुसतं लिहून टाकलं. दुकानदाराने विचारलं, "केवढं आहे मूल?" आणि तो माणूस म्हणाला, "अजून झालेलं नाही."

काकांची पेन्सिल थांबली. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. क्षणापूर्वी त्यांना हे माहीतही नव्हतं. त्या एका उत्तरातून त्या माणसाचं अख्खं घर दिसायला लागलं: त्याची बायको, दरवर्षी कपाटात ठेवलेला एकेक जोड, आणि त्याबद्दल दोघांनी कधीही न बोलणं. काका उठले आणि फळ्यांपाशी जाऊन एकेक जबडा बघत हिंडले. एवढी वर्षं आपण ह्यांना हिरड्या म्हणत होतो! प्रत्येकाच्या मागे एक घर होतं, आणि ते घर आत कुठेतरी उघडंच होतं, फक्त जाऊन बघायचं होतं. बायको रोज तिथे जाऊन येत होती आणि आपण तिला हाडं कशी झिजतात ते समजावत होतो.

त्या दिवशी पातेल्यातली कवळी जास्त शिजली आणि पुन्हा करावी लागली.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिला टेबलावर कागदांचा हा ढीग दिसला. तिने चार पानं वाचली आणि ती गंभीर झाली. "बाबा, हे कोण लोक आहेत?"

"कुणी नाहीत."

"मग त्यांच्याबद्दल एवढं का लिहिता? तुम्ही त्या जबड्यांशी बोलतासुद्धा. मघाशी ऐकलं मी." ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "चला ना माझ्याकडे. आता पुरे झालं हे. आणि लिहायचंच असेल तर आईबद्दल लिहा. खरं खरं. तिच्या आठवणी."

काकांनी लेकीचं मन राखलं. ती गेल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. लिहिलं, स्वभावाने मनमिळाऊ होती. लिहिलं, कष्टाळू होती, माणसं जोडणारी होती. लिहिलं, तिचा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता आणि हसली की आधी तो दिसायचा. वाचून पाहिलं तर ती वर्तमानपत्रातली शोकवार्ता झाली होती. काकू असती तर तिने हा कागद वाचून पोट धरून हसून घेतलं असतं.

मग ते तिची वाक्यं आठवून लिहू लागले. ती बरीच आठवली. पण आठवून झाली की संपली. तेव्हा काकांना पहिल्यांदा नेमकं कळलं की त्यांना काय हवंय. त्यांना आठवण नको होती. आठवणी होत्या. त्यांना तिचं एक नवं वाक्य हवं होतं, तिने आजवर कधीही न म्हटलेलं. बूट मागणारा म्हातारा, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही, तो जर आपणहून बोलू शकतो, तर जिच्याशी जन्म काढला ती का नाही? ते रोज तिला कागदावर आणत. ती येई आणि मूग गिळून बसे. सगळे बोलत, फक्त ती नाही.

ह्याच सुमारास तो डबा आला. बाई, वय सत्तरीच्या आसपास, वरचे दात सगळे गेलेले. चिठ्ठीवर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट लिहिलं होतं: सरळ दात, लहान आकाराचे. जबडा चांगला रुंद होता. काकांनी ठरवलं की ही बाई लिलाव पुकारते. हातात हातोडी, आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसाने डोकं खाजवायला हात वर केला तर त्याच्या गळ्यात कपाट पडावं. गोष्ट मस्त जमत होती. लिलावबाई एका गिऱ्हाइकाला बघून खळखळून हसते, इथवर आले आणि प्लास्टर घट्ट झालं. काका उठले, दिवा लावला, सुरी तापवली आणि मेणात दात बसवायला लागले. डोक्यात लिलाव चालूच होता. डबा त्याच दिवशी दवाखान्यात गेला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काका, जरा येऊन जाता का? आत्ताच. पेशंट इथेच आहेत."

असा फोन कधी आला नव्हता. दवाखाना दोन रस्ते सोडून होता. काका निघाले आणि पहिलाच रस्ता ओलांडताना त्यांच्या हाताला आठवलं की त्याने काय केलंय. सरळ दात लिहिलेलं असताना वाकडा दात बसवणं म्हणजे कवळीच्या धंद्यात पापच. शिकाऊ पोरगासुद्धा करणार नाही.

खुर्चीत एक चष्मेवाली बाई हातात आरसा घेऊन बसली होती. काका दारात दिसले तशी तिने वळून पाहिलं आणि ती हसली. आणि तो दात दिसला. वरचा, पुढचा, शेजारच्यावर किंचित चढलेला. अनोळखी चेहरा, पांढरे केस, दुसरेच डोळे, आणि मधोमध काकूचं हसू. काकांना बाजूच्या स्टुलावर बसावं लागलं. ते हसू त्यांच्याकडेच बघत होतं, पण त्यांना ओळखत नव्हतं.

"काका, मी सरळ लिहिलं होतं ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"चूक झाली," काका म्हणाले. "दुरुस्त करून देतो."

"थांबा हो जरा," खुर्चीतली बाई म्हणाली. मेणाचे दात सांभाळत ती सावकाश बोलत होती. "माझे दात लहानपणापासून सुतासारखे सरळ. त्यामुळे हे माझे नव्हेत, हे तर आहेच. पण हे कुणाचे तरी आहेत. असा दात कुणी उगाच नाही बसवत. कुणाचे?"

काकांना खोटं बोलायची सवय नव्हती. "माझ्या बायकोचे."

"त्यांना विचारलंत का?"

"विचारायला ती नाही आता."

त्या बाईने अगदी हलक्या हाताने ते दात तोंडातून काढले, रुमालाने टिपले आणि काकांच्या ओंजळीत ठेवले. दात नसल्याने तिचा आवाज आता मऊ आणि अस्पष्ट झाला होता, पण काकांना शब्द न् शब्द कळला. "मग हे मी घेऊन जाणं बरं नाही. कशा होत्या?"

"थापाडी होती," काका म्हणाले, आणि एकदम पुढेही बोलले. "जबडा बघून माणूस सांगायची. कोण आहे, काय करतो. सगळं खोटं."

"माझा बघून काय सांगितलं असतं?"

"मी लिहिलंय की तुम्ही लिलाव पुकारता."

ती बाई इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, सगळी नोकरी वाचनालयात गेली माझी! लोकांना 'हळू बोला, हळू बोला' सांगण्यात! पण ते तुम्ही लिहिलंत. मी त्यांचं विचारतेय. त्या काय म्हणाल्या असत्या?"

ह्याच एका प्रश्नाशी काका इतके दिवस झगडत होते, आणि आज तो एका परक्या बाईने सहज, ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसा विचारला होता. "माहीत नाही," ते म्हणाले. ते खरं होतं आणि ते म्हणताना त्यांना फार लागलं.

परत येऊन त्यांनी दिवा लावला आणि सुरी तापवली. त्या दातापाशी क्षणभर हात घुटमळला. मग त्यांनी मेण सैल केलं, दात खाली उतरवला, शेजारच्याच्या बरोबर रांगेत बसवला, मेण सारखं केलं. आता ती नुसती एक चांगली कवळी होती, वाचनालयातल्या एका बाईची. काकांना वाटलं होतं, बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. ती ह्या दातात नव्हतीच.

डबा बांधता बांधता मात्र त्यांना दुसरंच काही कळलं, आणि ते टेबलाशी तसेच बसून राहिले. आपण तिला बोलवत होतो ते कशासाठी? तिचं वर्णन करायला. तिचे दात, तिचं हसणं, तिचा स्वभाव. म्हणजे तिला फळीवर मांडून ठेवायला! आणि ती तर फळीवरची कधीच नव्हती. ती फळीवरचं उचलून हातात घेणारी. तिच्याकडे बघत बसलं तर ती काय बोलणार? तिच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नव्या डब्याचं प्लास्टर ओतलं आणि कागद पुढे ओढला. वाचनालयातल्या बाईंचा जबडा समोर होता. त्यांनी लिहिलं, तिने चाक बंद केलं. तिने हात पुसले. तिने जबडा उचलला आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरला. तिचा चेहरा कसा दिसत होता हे त्यांनी लिहिलं नाही. ती जबड्याकडे बघत होती, म्हणून तेही जबड्याकडेच बघत राहिले. आणि ती म्हणाली,

"अहो, ह्या बाईचा नवरा मुका नव्हता बरं का. पण त्याला बोलतं करायला बिचारीला रोज एक थाप मारावी लागायची."

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. ह्याचा विचारही त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. पण आवाज तिचा होता, त्यातलं "बरं का" तिचं होतं, आणि बोलून झाल्यावर तिरक्या नजरेने आपल्याकडे बघणंही तिचं होतं. तीस वर्षं! तीस वर्षं ते समजत होते की आपण तिच्या थापा दुरुस्त करतोय. आणि ती रुसलेल्या हिरड्या, न बोलणारे नवरे, काय काय रचून ह्या घुम्या माणसाच्या तोंडून रोज अर्धा तास बोलणं काढून घेत होती. कुणाला कळूही न देता. जन्मभर. काका रडले, पण ते नुसतं दुःख नव्हतं. एवढं मोठं काही आपल्या शेजारी, चाकाच्या घरघरीत, रोज चाललं होतं, ह्याने ते दिपून गेले होते. हे खरं होतं की नाही, हे सांगायला आता कुणी नव्हतं. काकांना मात्र त्याचा पुरावा नको होता.

त्यांनी फोन उचलला आणि लेकीला लावला. आपण होऊन फोन करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी, कारण ती घाबरूनच "काय झालं, बाबा?" म्हणाली.

"ऐक," काका म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं.

लेकीने विचारलं, "आई हे कधी म्हणाली होती?"

"आज सकाळी."

आता ही म्हणणार, बाबा, सामान बांधा, मी न्यायला येते, असं काकांना वाटलं. ते कानाशी फोन धरून थांबले. लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढून ती बसल्याचा.

"मग?" ती म्हणाली. "अजून काय म्हणाली?"

आणि कवळीकाका बोलू लागले.